आप्पांना न ऐकू आलेली शीळ

आमच्या घरात एका खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगलेल्या असत. आईने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या, चांगल्या उबदार गोधड्या, पण माणसांच्या अंगावर पडायच्या ऐवजी खिळ्यांना लटकलेल्या. कोपऱ्यांत भाताच्या तुसाने ठासून भरलेली गोणपाटं उभी. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, तो येता कामा नये, म्हणून आप्पांनी केलेला हा बंदोबस्त. थंडीत पाहुणे आले की आई एखादी गोधडी उतरवायला जायची आणि आप्पा दारात आडवे उभे राहायचे. मग पाहुण्यांनी चादरीवर भागवायचं. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. नवख्या माणसाला आमचं घर दाखवताना लोक सांगत, "ज्याच्या भिंतींना हीव भरलंय ना, तेच घर."

आप्पा म्हणजे माझे वडील. ते बोटीवर वायरलेसचं काम करत. समुद्रात वादळ उठलेलं, कानावरच्या यंत्रात नुसती खरखर, आणि त्या खरखरीतून लांबच्या बोटीची टिकटिक वेचून काढायची, हे त्यांचं आयुष्य. ती नोकरी लवकर सोडून ते घरी आले तेव्हा इतरांचे वडील बोटीवरून साड्या आणि अत्तरं आणत तसं त्यांनी काही आणलं नाही. त्यांनी आणले लोखंडी पेट्यांत भाताच्या पेंढ्यासारख्या कापलेल्या कागदात बसवलेले काचेचे व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारांची भेंडोळी, आणि दोन माणसांना उचलायला जड जाईल असं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. स्पीकरचे खोके त्यांनी इथल्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे करून घेतले, माझ्यापेक्षा उंच. वाडीत नारळ-सुपारी होती, दोन वेळचं सुटत होतं. उरलेला सगळा जीव आप्पांनी त्या खोलीत ओतला.

खोलीत खुर्ची एकच. तिचे पाय कुठे टेकायचे तिथे जमिनीवर खडूच्या खुणा होत्या, आणि केर काढताना त्या पुसल्या गेल्या की आईचं काही खरं नसे. आप्पा ऐकत असताना आई बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवून वावरायची. वाटण वाटायचं ते आधी किंवा नंतर. वालाचं बिरडं शिजायला टाकलेलं असलं तर झाकण खडखडू नये म्हणून त्याच्याखाली फडक्याची चुंबळ. आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर ऐकायचं असलं तरी आप्पा चहा झाला की दुपारीच यंत्र चालू करून ठेवत. व्हॉल्व्ह तापले पाहिजेत, चांगले मुरले पाहिजेत, नाहीतर आवाज कच्चा येतो, असं त्यांचं म्हणणं. तोवर गाणं नाही, काही नाही, नुसते ते काचेचे दिवे लालसर पेटलेले.

सगळ्यांत वाईट म्हणजे परीक्षा. आप्पांनी एखादी तार बदलली की आम्हाला खुर्चीत बसवून डोळ्यांवर पंचा बांधत. एकच तुकडा एकदा जुन्या तारेवर, एकदा नव्या तारेवर वाजवत आणि विचारत, "पहिली की दुसरी?" डोळे उघडे असले की माणूस कानाने ऐकत नाही, नव्या वस्तूच्या कौतुकाने ऐकतो, म्हणून पंचा. आई बसल्या बसल्या "दुसरी" म्हणून मोकळी व्हायची. तिला तव्यावरची भाकरी दिसत असे. मी मात्र खरंच ऐकायची, आणि मला फरक कळला की आप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे तो माझ्या शाळेच्या निकालालाही कधी दिसला नाही.

गावाच्या लेखी आप्पा वेडे होते, पण कामाचे वेडे. कुणाचा विहिरीवरचा पंप बिघडला की ते आप्पांना बोलावत, "आप्पा, जरा कान लावा." आप्पा दोन मिनिटं उभे राहून सांगत, अमुक भाग झिजलाय. तो झिजलेलाच असे. पंचक्रोशीत आप्पांच्या कानांसारखे कान नाहीत, याबद्दल गावात दुमत नव्हतं. फक्त एवढे चांगले कान देवाने अशा माणसाला का दिले, जो एकाच गाण्याच्या त्याच ओळीवर सुई पुन्हापुन्हा ठेवून मान हलवतो, हे कुणाला उमगत नव्हतं. आजही उमगत नाही. हल्ली म्हातारपणी मी माहेरच्या घरीच राहते, आणि आमच्या शेजारच्या वाडीत मुंबईच्या एका गृहस्थाने बंगला बांधलाय. शनिवारी रो-रो बोटीने गाडी घेऊन येतो आणि बंद खोलीत स्पीकर चार बोटं पुढे, चार बोटं मागे सरकवत बसतो. त्याचा रखवालदार मला कुंपणावरून डोक्याजवळ बोट फिरवून दाखवतो. मला हसू येत नाही. मी विचारते, जेवला का तो?

मी नववीत होते त्या वर्षी आप्पा बेचैन झाले. त्यांचं म्हणणं, आवाजातलं वरचं काहीतरी गेलंय. तंबोऱ्याची तार छेडल्यावर वर जी बारीक झळाळी उठते ती उठत नाही, तबल्याच्या काठाचा टणत्कार बोथट झालाय. आधी त्यांनी सुईला दोष दिला, सुई बदलली. मग खाऱ्या वाऱ्याला दिला, सगळे सांधे घासून चकचकीत केले. मग तारा, मग व्हॉल्व्ह. काही केल्या ती झळाळी परत येईना. आम्हाला ती येत होती, पण "छान वाजतंय" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "छान म्हणजे काय? काय ऐकलंस ते सांग." शेवटी त्यांनी यंत्र उघडलं, आतली जोडणीच बदलली आणि वरचे बारीक सूर जबरदस्तीने उचलून धरील असं काहीतरी त्यात बसवलं. तेव्हा कुठे ते जरा समाधानाने जेवले. सुक्या बोंबलाचं कालवण होतं, भाकरी पुन्हा मागून घेतली.

त्यानंतर घरात शीळ सुरू झाली.

शीळ म्हणते, पण तोंडाने घालतात तशी नव्हे. दाभण कानात हळूहळू सरकवत न्यावं तसा तो आवाज होता. कुठून येतो ते कळायचं नाही. मान इकडे फिरवली की इकडून, तिकडे फिरवली की तिकडून, आणि डोळे मिटले की थेट डोक्याच्या आत. दुपार कलली की यायचा, रात्रीच्या जेवणापर्यंत असायचा. मी पुस्तक मिटून वाडीत जायची, तिथेही तो सुपारीच्या झाडांमधून बारीक होऊन मागे यायचा. कुंपणापाशी गावची कुत्री जमून तोंड वर करून रडायची. आईला तो अंधूक जाणवायचा. "कानात काहीतरी कुईं करतंय गं," म्हणून ती दोन्ही हातांनी कान चोळायची. आमच्याकडे चिंचा पाडायला येणारी पोरं यायची बंद झाली.

मासळी घेऊन येणारी जनीबाय बाहेर ओट्यावर टोपली उतरवायची. तिने नातवाला बरोबर आणलं होतं, तो कान झाकून रडायला लागला आणि टोपली टाकून रस्त्यापर्यंत पळाला. जनीबायला स्वतःला काही ऐकू आलं नव्हतं. पण ती आईजवळ सरकून म्हणाली, "बाय, तुजा घोव रोज सांजचा मेलेल्या मान्सांना गायाला बसवतो का न्हाय? तबकडीवरची ती समदी कवाच गेलेली. तो बोलावतो, ती येतात, गातात, जातात. त्यातली येक जायाची ऱ्हायली हाय. पोरांना कलतं ते, आपल्याला न्हाय कलत."

आई हसण्यावारी नेईल असं मला वाटलं. पण आईच्या हातातला पापलेट तसाच राहिला. खरं तर मलाही ते पटलं. आप्पांच्या रेकॉर्डवरच्या बऱ्याच बायका माझ्या जन्माआधीच गेलेल्या होत्या, आणि दर संध्याकाळी त्या आमच्या गोधड्यांच्या खोलीत येऊन श्वास घेत. खरोखर घेत. आप्पांच्या यंत्रावर गाण्याआधीचा श्वास ऐकू यायचा, ओठ सुटे झालेले कळायचे. अशी एखादी मागे राहिली तर ती कुठे जाणार? मी रात्री आईच्या कुशीत शिरायला लागले, एवढी मोठी नववीतली घोडी.

आप्पांना विचारलं तर त्यांनी मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ऐकलं. "काही नाही," ते म्हणाले. आणि तिथेच घात झाला. इतर कुणी "काही नाही" म्हणालं असतं तर तो त्याच्या कानांचा दोष ठरला असता. पंपाच्या पोटातला झिजलेला भाग ऐकणाऱ्या माणसाला जो आवाज ऐकू येत नाही, तो आवाज या जगातला नाही, असं गावाने ठरवून टाकलं. आईनेही.

आईने बोलावलेला, भुतं उतरवणारा भगत आला. त्याने उंबऱ्यावर लिंबू कापलं, खोलीत डोकावून टांगलेल्या गोधड्या बघितल्या आणि दचकला. मग मला समोर बसवून विचारलं, "आता वाजतंय?" मी हो म्हटलं. "लई?" मी रडायला लागले. त्याने माझ्या कपाळाला अंगारा लावला आणि आईला म्हणाला, "तिला पोरगी आवडली हाय. पोरीला हितनं हालवा. घर मंग बगू."

हालवायचं म्हणजे माणगावला, मामाकडे. मामीचे दिवस भरत आले होते, घरात हाताखाली कुणीतरी हवंच होतं. एकदा गेले की मला शाळेत परत कुणी घालणार नाही, हे मला न सांगता कळलं. मी आप्पांकडे धाव घेतली. भुताखेतांची एवढी टिंगल करणारा माणूस, तो माझ्या बाजूने उभा राहील याची मला खात्री होती. आप्पांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग आईला म्हणाले, "भूतबित काही नाही. पण नसलेला आवाज पोरीला ऐकू येतोय, म्हणजे तिचं मन थकलंय. थोडे दिवस जागा बदलू दे तिला." भगताने मला निदान भुताने धरलेली म्हटलं होतं. आप्पांनी खोटं ऐकणारी ठरवलं. ते जास्त लागलं. 

आईने माझी पत्र्याची पेटी भरली. मामा न्यायला यायचा त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई नदीपलीकडे देवीच्या देवळात गेली होती, आप्पा यंत्र चालू करून वाडीत सुपारी उतरवून घेत होते. शीळ लागलेली होती. मी ओटीवर पेटीवर बसून कानात बोटं घालून रडत होते. तेवढ्यात वीज गेली.

आणि शीळ गेली. कुणी दोरी कापावी तशी गेली. वाडीतला रहाट, मैना, समुद्राची गाज, सगळं एकदम कानावर आलं. काही वेळाने वीज आली. पंखा लगेच फिरायला लागला, शीळ मात्र नाही. मी उठून खोलीच्या दारात गेले. व्हॉल्व्ह थंड होते. मग त्यांच्या पोटात ठिणगीएवढी लाली आली, ती पसरत गेली, आणि ती पुरती पसरल्यावर त्या दाभणाचं टोक पुन्हा माझ्या कानाला टेकलं.

त्या यंत्राला हात लावायची मला सक्त मनाई होती. मी खटका खाली केला. शीळ थांबली. वर केला, थोड्या वेळाने आली. पुन्हा खाली. मी मोठ्याने हसले. भूत नव्हतं, मी वेडी नव्हते, मी माणगावला जाणार नव्हते! आणि हसता हसताच थांबले. आवाज खरा होता. आप्पांच्या स्वतःच्या यंत्रातून येत होता. आणि तो आप्पांना ऐकू येत नव्हता. भुताची भीती वाटली नव्हती एवढी मला त्या क्षणी वाटली.

आप्पा हातपाय धुऊन आले तेव्हा मी पंचा घेऊन उभी होते. "आप्पा, माझी परीक्षा घ्या," मी म्हटलं. परीक्षेला ते कधी नाही म्हणत नसत. मी सांगितलं, "मी ओटीवर बसते. तुम्ही यंत्र केव्हाही बंद करा, केव्हाही चालू करा. आवाज असेल तेव्हा मी हात वर करीन." त्यांनी माझे डोळे बांधले. खटक्याचा आवाज मला जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं, एवढे ते काटेकोर. मी हात वर केला, खाली केला, वर केला. बराच वेळ. मग दार उघडलं.  माझ्या डोळ्यांवरचा पंचा सोडून आप्पांनी तो स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि म्हणाले, "आता तू."

मी खटका खाली केला आणि आप्पांकडे पाहिलं. घरात चिडीचूप होतं. आप्पांनी हळूच, अगदी विश्वासाने, हात वर केला. मी खटका वर केला. व्हॉल्व्ह तापले, माझे कान फाटायला लागले, कुंपणापाशी कुत्र्याने गळा काढला. आप्पांचा हात खाली होता. त्यांनी कुत्र्याकडे तोंड वळवलं. पंचा काढला.

"आत्ता चालू आहे?"

"हो, आप्पा."

"खूप मोठा?"

"हो."

ते खुर्चीत बसले. तंबोऱ्याची झळाळी कुठे गेली ते त्यांना आता कळलं होतं. सुया, तारा, व्हॉल्व्ह, खारा वारा, सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. आपल्या कानांवर घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं. असा माणूस एकदाही रागावला नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. मग ते म्हणाले, "पेटी रिकामी कर. उद्या शाळेत जा."

नवी जोडणी त्यांनी लगेच काढायला घेतली. पण शीळ गेली की नाही हे त्यांना कळणार कसं? मी समोर बसले. ते एकेक सांधा सोडवायचे आणि माझ्या तोंडाकडे बघायचे. "आहे अजून." "कमी झाला." "गेला, आप्पा." शीळ गेली तसा त्यांच्यापुरता वरचा सूरही पुन्हा गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आई परतली ती दारातच थबकली. घर शांत होतं. तिला वाटलं भगताच्या लिंबाचा गुण आला, देवीने ऐकलं. मी सांगायला तोंड उघडलं तर आप्पांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मामाला भाकरी आणि कोलंबीचं सुकं खाऊ घालून रिकामं परत पाठवलं, आणि आप्पा स्वतः नारळ घेऊन भगताकडे गेले. मी सोबत होते. गाव रस्त्याला उभं राहून बघत होतं. भगताच्या पायाशी नारळ ठेवताना त्यांची मान खाली होती. परतताना मी विचारलं, "आप्पा, लोक काय म्हणतील?"

"वेडा म्हणतात, म्हणू देत," ते म्हणाले. "बहिरा नको."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः गोणपाटावर बसले. रेकॉर्ड लावली. "तार छेडली की वर काय येतं ते सांग." मी सांगायला लागले. आता बारीक झळाळी उठली. आता बाईंनी श्वास घेतला. आता तबल्याचा काठ. त्यांनी मान हलवली. "आहे ना सगळं?" मी म्हटलं, आहे. "मग झालं," ते म्हणाले आणि डोळे पुसले. मला त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने धडकी भरली. मी सांगेन तेवढंच आता त्यांच्यासाठी वाजणार होतं. मी एखादी गोष्ट गाळली असती तर ती आप्पांच्या जगातून नाहीशी झाली असती आणि त्यांना पत्ता लागला नसता. त्या वयात कुणावर असं ओझं येऊ नये. पुढे कितीतरी संध्याकाळी मी ते वाहिलं. आता मलाही रातकिडे ऐकू येत नाहीत, नात सांगते तेव्हा कळतं, आणि तिने ते न कंटाळता सांगावं असं मला फार वाटतं.

माझं लग्न वाडीतच मांडव घालून झालं. सासर पेणचं. पाठवणीच्या वेळी बायका रडत होत्या, आई माझ्या गळ्यात पडून सुटत नव्हती. आप्पा गर्दीतून वाट काढत आले. सगळे मागे सरले, बाप लेकीशी बोलणार म्हणून. आप्पांनी तोंड माझ्या कानाजवळ आणलं. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हे त्यांना तोवर कळेनासं झालं होतं, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं.

"कुंदा, मंगलाष्टकं संपली तेव्हा सनई चढली ना, वरचा सूर पोचला का गं?"

"पोचला, आप्पा," मी म्हटलं. "पोचून बराच वेळ थांबला होता."

"पोरगी चालली सासरी आणि बापाला पडलीय सनईची!" माझ्या चुलतसासूबाई म्हणाल्या, आणि वऱ्हाडात हशा पिकला. मी मोटारीत बसले. गाडी सुटली तशी सगळी माणसं फाटकापर्यंत मागे चालत आली, त्यांत आप्पा नव्हते. मागच्या काचेतून मला मांडव दिसला. ते सनईवाल्यासमोर खाली बसले होते आणि त्याच्या फुगलेल्या गालांकडे आणि बोटांकडे टक लावून बघत होते.